‘सरनं’ आणि ‘सरणं’ : वऱ्हाडी बोलीच्या अभ्यासाविषयी काही विचार

अचलपूर येथील एका विहारात पौर्णिमेच्या वंदनेस उपस्थित राहण्याचा योग आम्हास आला होता. तिसरण सुरू असता एका वृद्ध उपासिकेच्या मुखातून ‘बुद्धं सरनं गच्छामि’ असा उच्चार निघाला. शेजारच्या एका सुशिक्षित तरुणाने त्यांना थांबविले. ‘आजी, सरनं नाही, सरणं म्हणा,’ असे त्याने सांगितले. ‘तुमीच म्हना बापू,’ एवढेच त्या बोलल्या आणि पुढील वंदनेत त्यांचा आवाज पुन्हा ऐकू आला नाही. वंदना संपताच तोच तरुण आपल्या सोबत्याला सहजपणे ‘पानी आन’ म्हणाला. आपल्याही मुखी तोच ‘न’ आहे, हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

त्या तरुणाचा हेतू वाईट नव्हता. पालि शुद्ध म्हटली जावी ही त्याची तळमळ होती व ती तळमळ आम्हासही आहे. तथापि धम्माच्या घरात एका उपासिकेचा आवाज बंद झाला, ही गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही. ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्द आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या अंगावर झेललेले आहेत. ते भाषेच्या वाटेने विहारात शिरत असतील, तर त्यांची तपासणी करणे हे पालिच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. याच दृष्टीने वऱ्हाडी बोलीचा अभ्यास आजवर कसा झाला, आपण स्वतः तिच्याविषयी काय बोलतो आणि बुद्धवचनाची कसोटी लावली असता त्यातले काय टिकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

गावाच्या नावाची साक्ष

आरंभ अचलपूरच्या नावापासूनच करणे योग्य होईल. वऱ्हाडातील वृद्ध माणसे आजही या गावाला ‘एलिचपूर’ म्हणतात. इंग्रजी अमदानीत हेच नाव कागदोपत्री होते आणि १९०५ साली अमरावतीत विलीन होईपर्यंत या नावाचा स्वतंत्र जिल्हाही होता. स्वातंत्र्यानंतर ‘अचलपूर’ हे नाव रूढ करण्यात आले. त्यामुळे ‘अचलपूर’ हे शुद्ध आणि ‘एलिचपूर’ हे अडाणी किंवा परकीय जिभेने बिघडविलेले रूप, अशी समजूत सर्वत्र दिसते. ईल नावाच्या राजाने गाव वसविले म्हणून एलिचपूर, अशी दंतकथाही सांगितली जाते.

वस्तुस्थिती निराळी आहे. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या हेमचंद्राचार्यांनी आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृताचे नियम दिले आहेत. त्यांतील एक नियम केवळ ‘अचलपूर’ या एका शब्दासाठी आहे. या शब्दात ‘च’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल होऊन ‘अलचपुर’ असे रूप होते, असे तो नियम सांगतो. म्हणजे ज्याला आपण बिघाड समजतो ते रूप आठशे वर्षांपूर्वीच व्याकरणकाराला नियमात बसविण्याइतके रूढ झालेले होते. दुसरीकडे तिवरखेडच्या ताम्रपटात ‘अचलपूर’ हे रूपही आढळते. दोन्ही रूपे जुनी आहेत. एक राजशासनाच्या भाषेतील, दुसरे लोकांच्या मुखातील.

याच नियमाच्या मागेपुढे हेमचंद्रांनी आणखी शब्द घेतले आहेत. ‘वाराणसी’तील ‘र’ आणि ‘ण’ यांचा असाच व्यत्यय होतो आणि त्या रूपापासून पुढे ‘बनारस’ घडले. ‘महाराष्ट्र’ शब्दातील ‘ह’ आणि ‘र’ यांची जागा बदलून ‘मरहट्ठ’ होते. या ‘मरहट्ठ’पासूनच ‘मराठा’ आणि ‘मराठी’ हे शब्द आले. तेव्हा अक्षरांची अदलाबदल हा जर अशुद्धपणा असेल, तर आपल्या भाषेचे नावच अशुद्ध ठरते! बोलीतील बदलाला नियम असतो. तो आळसाने किंवा अज्ञानाने होत नाही, हा भाषाभ्यासाचा पहिला धडा या एका गावाच्या नावात सामावलेला आहे.

विनय आणि मज्झिमनिकाय यांची कसोटी

बोलींविषयी बुद्धवचनात दोन महत्त्वाची स्थळे आहेत. पहिले चुल्लवग्गातील खुद्दकवत्थुक्खन्धकात येते व ते आपल्या वाचकांस परिचित असेल. यमेळ आणि तेकुल हे ब्राह्मण कुळात जन्मलेले दोघे भिक्खू भगवंतांकडे तक्रार घेऊन येतात. निरनिराळ्या नावांचे, गोत्रांचे, जातींचे आणि कुळांचे लोक प्रव्रजित झाले असून ते आपापल्या निरुत्तीने बुद्धवचन दूषित करीत आहेत, तेव्हा ते छंदात म्हणजे वैदिक पठणाच्या भाषेत बांधावे, अशी त्यांची सूचना असते. भगवंतांनी ती नाकारली, तसे करणे हा दुक्कट अपराध ठरविला आणि ‘सकाय निरुत्तिया’ बुद्धवचन शिकण्याची अनुज्ञा दिली.

या प्रसंगाचे एक अंग पुरेसे लक्षात घेतले जात नाही. तक्रारीत बोलीचा उल्लेख होण्याआधी जातीचा आणि कुळाचा उल्लेख येतो. भाषा बिघडली असे म्हणण्याचे कारण, नाना जातींची माणसे संघात आली हे आहे. भाषाशुद्धीच्या आग्रहापाठीमागे बोलणाऱ्याच्या जन्माविषयीची अस्वस्थता असू शकते, हे विनयपिटकाने अडीच हजार वर्षांच्या परंपरेत नोंदवून ठेवले आहे.

‘सकाय निरुत्तिया’चा अर्थ काय, यावर मतभेद आहेत. आचार्य बुद्धघोषांनी तेथे बुद्धांनी स्वतः वापरलेली मागधी असा अर्थ घेतला आणि गायगर यांनी तो स्वीकारला. ऱ्हीस डेव्हिड्स आणि ओल्डेनबर्ग यांनी ज्याची त्याची बोली असा अर्थ केला. पूर्वापर संदर्भ पाहता दुसरा अर्थ आम्हास अधिक ग्राह्य वाटतो. परंतु पहिला अर्थ घेतला तरी छंदाला दिलेला नकार तसाच राहतो.

दुसरे स्थळ मज्झिमनिकायातील अरणविभङ्गसुत्त. तेथे भगवंत भिक्खूंना दोन गोष्टी एकत्र सांगतात : जनपदाच्या निरुत्तीचा अभिनिवेश धरू नये आणि लोकांत रूढ असलेल्या संज्ञेचे उल्लंघनही करू नये. उदाहरण भांड्याचे आहे. एकाच भांड्याला कोणत्या जनपदात पाति म्हणतात, कोठे पत्त, कोठे सराव, कोठे पोण, कोठे पिसील. आमचेच खरे, बाकीचे फोल, असे म्हटले की कलह उत्पन्न होतो. ज्या जनपदात जावे तेथला शब्द तेथल्या लोकांच्या अर्थाने वापरावा, म्हणजे कलह होत नाही. वऱ्हाडात भात शिजवायच्या पातेल्याला ‘गंज’ म्हणतात; पुण्याच्या माणसाला ‘गंज’ म्हटले की लोखंडावरचा तांबडा थर आठवतो. दोघांपैकी चूक कोणाचीच नाही. चूक आहे ती हसणाऱ्याची.

ही दोन स्थळे एकत्र वाचली पाहिजेत. पहिले बोलीला अधिकार देते, दुसरे बोलीच्या अहंकारालाही आवर घालते.

सर्वेक्षणाचे गुण आणि दोष

वऱ्हाडीचा पहिला पद्धतशीर विचार करणाऱ्या ग्रंथांत ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड अग्रगण्य आहे. मराठीला वाहिलेला हा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्याची मांडणी प्रामुख्याने स्टेन कोनो या नॉर्वेच्या विद्वानाने केली होती. वऱ्हाडी आणि नागपुरी यांना या खंडाने एका गटात ठेवले. पुण्याच्या बोलीला मापदंड मानूनही वऱ्हाडीची रूपे त्याने चूक म्हणून न नोंदवता व्याकरण म्हणून नोंदविली, हे त्याचे मोठे ऋण आहे. ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘तुला’ऐवजी ‘तुले’ ही केवळ घसरलेली रूपे नसून विभक्तीची स्वतंत्र व्यवस्था आहे, हे अशा नोंदींमुळेच अभ्यासकांच्या ध्यानी येऊ शकले.

परंतु या सर्वेक्षणाचे दोन दोष आपल्या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला दोष साधनांचा. नमुने जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांमार्फत मागविलेले. गोष्ट ठरलेली, म्हणजे बायबलमधील उधळ्या पुत्राची. शब्द आणि वाक्ये यांची यादीही २४१ची व ठरलेलीच. तुलनेसाठी ही पद्धत सोयीची होती यात शंका नाही. परंतु ठरलेल्या गोष्टीच्या भाषांतरात पेरणीचे, निंदणाचे, जात्यावरचे, बाळंतिणीच्या खोलीतले शब्द कोठून येणार? बोलीचा सांगाडा हाती लागला, तिचा संसार बाहेर राहिला.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या बोलींच्या यादीत गोवारी, कोष्टी, कुंभारी, महारी अशी नावे येतात. ही जातींची नावे आहेत. या सर्वांना वऱ्हाडी-नागपुरीच्याच गटात ठेवलेले असल्याने त्या वेगळ्या भाषा नाहीत हे मांडणीवरूनच स्पष्ट होते. तरीही बोलीला जातीचे नाव छापले गेले आणि पुढील सूच्यांतून ते फिरत राहिले. बोलीत भेद असतो. तो गाव, व्यवसाय, शिक्षण, वय, स्त्री-पुरुष यांनुसार असतो आणि जातीनुसार वस्त्याच वेगळ्या असल्याने तोही असतो. तो अभ्यासावा. परंतु वस्ती वेगळी का पडली हे न विचारता बोलीला जातीचे लेबल लावणे म्हणजे यमेळ-तेकुलांच्या तक्रारीला शास्त्राचा पोशाख चढविणे होय.

याच संदर्भात एक योगायोग नमूद करावासा वाटतो. घर सोडून गेलेल्या व परतलेल्या पुत्राची कथा सद्धर्मपुण्डरीकाच्या चौथ्या परिवर्तातही आहे. तेथे परतलेला पुत्र पित्याला ओळखत नाही, पित्याच्याच घरी वीस वर्षे कचरा काढण्याचे काम करतो आणि अखेरीस आपण या घराचे वारस आहोत हे त्याला कळते. या ग्रंथाच्या भाषेचे भाग्यही त्या पुत्रासारखेच ठरले. तिच्यातील प्राकृत वळणाची रूपे लेखनिकांनी आणि संपादकांनी संस्कृतच्या चुका समजून सुधारली. फ्रँकलिन एजर्टन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात आणि कोशात या भाषेला स्वतःचे व्याकरण असल्याचे दाखवून दिले आणि ‘सुधारणां’वर आक्षेप घेतला. चूक समजून पुसलेली रूपे हीच खरी साक्ष होती.

आपल्यातील एक लोकप्रिय समज

इतरांवर टीका करताना स्वतःकडे पाहणे आवश्यक आहे. आपल्या सभांतून आणि विशेषांकांतून अलीकडे एक विधान वारंवार ऐकू येते : वऱ्हाडी ही पालिचीच लेक आहे. पुरावा म्हणून ‘पानी’ शब्द पुढे केला जातो. पालित ‘पानीय’, वऱ्हाडीत ‘पानी’. प्रमाण मराठीने ‘पाणी’ करून ते बिघडविले, असा युक्तिवाद असतो. अपमानाला उत्तर देण्याची ही ऊर्मी आम्ही समजू शकतो. तथापि हा युक्तिवाद टिकत नाही.

वऱ्हाडीतील ‘न’ हा पालिचा वारसा असता, तर पालित जेथे ‘ण’ आहे तेथे वऱ्हाडीनेही ‘ण’ राखला असता. पालित मिठाला ‘लोण’ म्हणतात. वऱ्हाडी माणूस ‘लोनचं’ म्हणतो. पालित ‘गुण’ आहे. वऱ्हाडीत ‘गुन’ आहे. म्हणजे वऱ्हाडीने जुना ‘न’ जपलेला नसून सर्वच ‘ण’चा ‘न’ केला आहे. दुसरे उदाहरण ‘ळ’चे. पालित काळ्याला ‘काळ’ म्हणतात. प्रमाण मराठीत ‘काळा’, तर वऱ्हाडीत ‘काया’. तसेच ‘डोया’ आणि ‘शाया’. येथे पालिच्या जवळ उभी आहे ती प्रमाण मराठी, वऱ्हाडी नव्हे. वऱ्हाडी आणि पालि या एकाच मोठ्या कुळातल्या आहेत एवढे खरे. आई-लेकीचे नाते या पुराव्याने सिद्ध होत नाही.

आणि ते सिद्ध होण्याची गरजही नाही. वऱ्हाडीला मान मिळावा यासाठी तिला पवित्र भाषेची वंशज ठरवावे लागणे, हीच मुळात जन्मावरून श्रेष्ठत्व ठरविण्याची रीत आहे. ज्या धम्माने माणसाचे मोल जन्मावरून करू नये असे शिकविले, त्या धम्माच्या अनुयायांनी भाषेचे मोल तिच्या कुळावरून करावे हे विसंगत आहे. अरणविभङ्गातील ‘अभिनिवेश धरू नये’ हा इशारा येथे आपल्यालाच लागू पडतो.

पालिही स्वतः एकजिनसी नाही. ‘भिक्खवे’ हे संबोधन आपण सुत्तांत पदोपदी वाचतो. पालिच्या सर्वसाधारण नियमाने ‘भिक्खवो’ असे रूप होते. ‘भिक्खवे’ हे पूर्वेकडील मागध वळणाचे आहे. भगवंतांच्या तोंडची सर्वांत आपुलकीची हाक पालिमध्ये एका बोलीची खूण म्हणून उरली आहे. पुढे सम्राट अशोकाच्या लेखांतही पूर्वेकडे ‘लाजा’ आणि गिरनारला ‘राजा’ असे भेद राहू दिले गेले. धम्म एकच होता, दगडावरची बोली प्रदेशाची होती.

‘सरनं’विषयी निर्णय

आता मूळ प्रसंगाकडे येऊ. पालि पाठात ‘सरणं’ असा ‘ण’ आहे आणि पालि शिकविताना तो ‘ण’ म्हणूनच शिकविला पाहिजे, याविषयी दुमत नाही. तिसरणाने दिल्या जाणाऱ्या सामणेर-पब्बज्जेत देणारा आणि घेणारा या दोघांचेही उच्चार शुद्ध असावेत, अशी अपेक्षा समन्तपासादिकेने स्पष्टपणे ठेवली आहे. उच्चाराची शिस्त ही ब्राह्मणी कल्पना आहे असे म्हणून ती उडवून लावणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परंतु ही अपेक्षा प्रव्रज्येच्या विधीची आहे. उपासकाचे सरणगमन काय असते, हे सांगताना अट्ठकथांनी श्रद्धेने आणि आदराने प्रसन्न झालेल्या चित्ताच्या उत्पत्तीवर भर दिला आहे. ते चित्त त्या आजींजवळ होते.

शिवाय बौद्ध जगताकडे पाहिले तर काय आढळते? थायलंडमध्ये ‘बुद्धं’चा उच्चार ‘फुत्थङ्’सारखा आणि ‘गच्छामि’चा ‘खत्छामि’सारखा होतो. म्यानमारच्या भिक्खूंच्या मुखी ‘स’ हा ‘थ’कडे झुकतो. आणि मूर्धन्य ‘ण’? तो थाई बोलण्यात नाही, ब्रह्मी बोलण्यात नाही, सिंहली बोलण्यातही आज ‘न’पासून वेगळा उरलेला नाही. म्हणजे बँकॉक, यांगून आणि कोलंबो येथील भिक्खू जे म्हणतात, त्यातही ‘न’च ऐकू येतो. तेथील भिक्खूंचा उच्चार ऐकून आपण हात जोडतो आणि आपल्याच वस्तीतील वृद्धेला थांबवितो. हा फरक ध्वनीचा नव्हे, ध्वनी कोणाच्या मुखातून आला याचा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तिसरण आणि पंचशील देणारे महास्थविर चंद्रमणी हे मूळचे ब्रह्मदेशातील आराकानचे. तिसरण पालित झाले, कारण ते सगळ्या बौद्ध जगताचे सामाईक धन आहे. त्यानंतर बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत, कारण त्या समजून घ्यावयाच्या होत्या. सामाईक भाषा आणि समजणारी भाषा या दोहोंना आपापले स्थान देणारा हा विवेक अरणविभङ्गाच्या उपदेशाशी जुळतो. बाबासाहेबांनी पालि व्याकरण आणि कोश यांचे काम हाती घेतले होते व ते १९९८ साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध झाले. त्या कोशात पालि शब्दांना इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि गुजराती अर्थ देण्याची योजना आहे, यातही हीच दृष्टी दिसते.

पुढील काम

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, पालि आणि प्राकृत या तिन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा मिळाला. अचलपुराच्या शेजारी मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. म्हाइंभटांचे लीळाचरित्र घडले ते या परिसरात. सामान्य स्त्रियांना कळणार नाही म्हणून नागदेवाचार्यांनी केशोबासांना संस्कृतात लिहू नये असे सांगितल्याची आठवण महानुभाव परंपरा जपते. विनयपिटकातील त्या नकाराशी तिचे साम्य विलक्षण आहे. परंतु त्याच पंथाचे ग्रंथ पुढे सकळा लिपीत बंद झाले, ही आठवणही ठेवली पाहिजे. लोकभाषा स्वीकारली म्हणजे ज्ञान लोकांचे झाले, असे आपोआप होत नाही.

आपल्या साहित्यात बोलीला जागा मिळाली आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील पात्रे वऱ्हाडीत बोलतात. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) या आत्मकथनाचे नावच बोलीत आहे. दुःख सांगायला बोली चालते, विचार सांगायला मात्र चालत नाही, ही विभागणी अद्याप मोडलेली नाही. सुत्तांची भाषांतरे आपण ज्या मराठीत करतो ती वस्तीतील माणसाला कितपत कळते, हा प्रश्न आम्ही आमच्या लेखनालाही विचारतो. हा लेखही प्रमाण मराठीतच लिहिला आहे; कोकणातील आणि सोलापुरातील वाचकापर्यंत जाण्यासाठी ते आवश्यक होते. परंतु अचलपूरच्या विहारात धम्मदेसना करताना हीच भाषा वापरली, तर तो दोष आमचा राहील.

विहारांनी पुढील तीन गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवितो. वस्तीतील वृद्ध स्त्री-पुरुषांची बोली, त्यांची कामाची, स्वयंपाकाची, १९५६च्या आठवणींची भाषा ध्वनिमुद्रित करून ठेवावी आणि नोंदीत बोलणाऱ्याचे गाव, वय, काम लिहावे. बोलीला जातीचे नाव देऊ नये. या नोंदींत शेजारच्या दखनी बोलणाऱ्या मोहल्ल्यांना आणि मेळघाटातील कोरकूंनाही स्थान असावे, कारण वऱ्हाडी यांच्या सहवासात वाढली आहे. दुसरे, पालिचे वर्ग सर्वांसाठी चालवावेत आणि ‘ण’चा उच्चार तेथे शिकवावा, वंदनेच्या मध्यात नव्हे. तिसरे, एखाद्या सुत्ताचा आशय वऱ्हाडीत सांगण्याचा प्रयोग प्रत्येक वर्षावासात करून पाहावा आणि तो कसा उतरला याचा निर्णय त्या वृद्धांनाच विचारावा.

त्या आजी पुन्हा वंदनेला आल्या तर ‘सरनं’ म्हणोत की ‘सरणं’, त्यांचा आवाज ऐकू यावा. पालिचे अध्ययन ज्या समाजात करावयाचे आहे, त्या समाजाचा आवाज बंद करून ते करता येणार नाही.